खारवलेली बाग

शिराझ, ३० फर्वर्दीन

ईरज,

आईला जाऊन चाळीस दिवस होतील, त्या चाळिसाव्याला तू तेहरानहून येणार आहेस आणि त्याच फेरीत आपल्या बागेवर इमारत बांधायच्या परवानगीचा अर्ज देणार आहेस, असं मावशीकडून कळलं. ये. पण येण्याआधी हे वाच, म्हणजे माझ्यासमोर बसून हलवा खाताना तुझा चेहरा कसा होतो ते मला बघता येईल.

फोनवर मी बोलणार नाही. फोनवर तू मध्येच "ताई, तू आधी शांत हो" म्हणतोस, आणि पस्तीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलेली बाई तोतरी होते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

नारिंगाला बहर आलाय. या दिवसांत शिराझमध्ये घरात कोण थांबतं? दुपारपासून लोक चटया आणि थर्मास घेऊन बाहेर पडतात. टॅक्सीवाले काचेपुढे मूठभर फुलं टाकून ठेवतात. एरम बागेत तर काल पाय ठेवायला जागा नव्हती; बायका झाडांखाली चादरी पसरून गळणारी फुलं गोळा करत होत्या, कुणी मुरंब्याला, कुणी चहात घालायला. मीही गेले होते. एका अनोळखी बाईनं माझ्या ओंजळीत फुलं दिली आणि विचारलं, "तुमच्या घरी झाड नाही का?" मी म्हटलं, होती.

आपल्या गल्लीतले लोक अजून आपल्या भिंतीपाशी आले की सवयीनं हळू चालतात. मग मान वर करून बघतात आणि पुढे जातात. चोवीस झाडं, आणि एकावर फूल नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या उन्हाळ्यात तू आईला आणि मला मशहदच्या यात्रेला धाडलंस. दहा दिवस. हॉटेल तूच ठरवलंस, आणि आई गाडीत भेटेल त्याला सांगत होती, माझ्या मुलानं पाठवलंय. त्या दहा दिवसांत बागेत मीठ आलं. गोण्यांनी. ते तू झाडांच्या आळ्यांत ओतायला लावलंस आणि वरून पाटाचं पाणी सोडलंस. नेअमत माळ्याला सांगितलंस की हे खत आहे. त्या बिचाऱ्याचा जन्म मातीत गेला, त्याला खत कळत नाही? तो मला म्हणाला, "खानम, मी जिभेला लावून पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, तुझ्याकडे या देशात राहायचे कागद नाहीत हे माझ्या लक्षात आहे."

बाग जिवंत असेल तर तिच्यावर बांधता येत नाही. मेली असं पालिकेच्या समितीनं लिहून दिलं की येतं. एवढा साधा हिशेब. तू नुसती झाडं मारली असतीस, तर मी तुला लोभी म्हटलं असतं आणि बोलणं टाकलं असतं. पण पानगळ झाली, आई घाबरली, आणि तू तिच्याशेजारी बसून तिचा हात हातात घेऊन म्हणालास, "आई, तू लोणच्याच्या बरण्या विसळून ते पाणी झाडांना घालतेस ना, त्यानंच झालं हे. असू दे, मुद्दाम थोडंच केलंस."

मी तिथेच चहा गाळत होते. मीही विश्वास ठेवला.

त्यानंतर ती काय करायची, ते तू तेहरानमध्ये बसून पाहिलं नाहीस. भांडंभर गोडं पाणी घेऊन एकेका झाडापाशी जायची आणि ते घालून उभी राहायची. लोणचं खायचं सोडलं तिनं. मग बाग तुझ्या नावावर करून दिली. "मी मारली, निदान याच्या तरी उपयोगी पडू दे," म्हणाली. शेवटचे दोन महिने तिनं माझ्याकडून पलंग फिरवून घेतला, भिंतीकडे तोंड करून, समोरच्या बागेची खिडकी नको म्हणून.

तिथे एक वीट मी उभी राहू देणार नाही. हे रागात लिहिलेलं नाही. तीन वेळा लिहून, फाडून, चौथ्यांदा लिहिलंय.

फरंगीस


शिराझ, १८ खोरदाद

ईरज,

चाळिसाव्याला तू आलास, हलवा खाल्लास, दोनदा घेतलास. तुझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मावशीपुढे मला म्हणालास, "ताई, दुःखानं माणसाला काहीही सुचतं." आणि मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुझं उत्तर पोचलं. पुरावा काय, विचारतोस. सोबत मातीच्या तपासणीच्या कागदाची नक्कल आहे. ही तपासणी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं केली. तिनं लिहिलंय की या मातीत जेवढं मीठ आहे, तेवढं व्हायला एका घरातल्या बरण्या शंभर वर्षं धुवाव्या लागतील. शेवटचं वाक्य काढून टाकू का, विचारत होती, सरकारी भाषेत बसत नाही म्हणून. मी म्हटलं, राहू दे.

दुसरा पुरावा नेअमत होता. त्याला परवा पोलिसांनी उचललं आणि काल सीमेपलीकडे धाडलं. बावीस वर्षं या शहराच्या बागा जगवलेला माणूस एका पिशवीनिशी अफगाणिस्तानात, हेरातला गेला. कुणी कळवलं ते मला विचारायची गरज नाही. तुला वाटलं असेल, आता बाई गप्प बसेल.

आता बाई काय करतेय ते ऐक. तू बागेच्या फाटकाला नवं कुलूप लावलंस. छान आहे, महागाचं दिसतं. पण बत्तूल खानमची बाग आपल्या भिंतीला लागून आहे, आणि ती भिंत मातीची आहे, आणि बत्तूल खानमला तू लहानपणापासून आवडत नाहीस. तिनं भिंतीला एक खिंडार पाडू दिलं. माणूस वाकून जाईल एवढं. गुडघे दुखतात, पण मी वाकते.

खारावलेली माती धुवावी लागते. आधी जिप्सम घालायचं, मग गोडं पाणी आळ्यात तुडुंब भरायचं आणि ते खोल जिरू द्यायचं, की मीठ मुळांच्या खाली उतरतं. मग परत. आणि परत. दर बाराव्या दिवशी आपल्या बागेची पाण्याची पाळी असते. कुलूप तू बदललंस, पाळी बदलायला विसरलास. बत्तूल खानम आपलीही पाळी देते. तिच्या द्राक्षांनी यंदा माना टाकल्यात, त्यावर ती म्हणते, "मरू देत गं, द्राक्षं बाजारात मिळतात. त्या पोराची जिरलेली कुठे मिळणार?"

मी प्रत्येक खोडाची साल नखानं खरवडून बघते. बहुतेक तपकिरी. काल एकाची हिरवी निघाली. विहिरीजवळचं ते वाकडं झाड. मी तिथेच चिखलात बसले आणि तुझं नाव घेऊन इतक्या शिव्या दिल्या की बत्तूल खानमनं खिंडारातून डोकं घालून विचारलं, पाणी आणू का.

फरंगीस


शिराझ, ९ आबान

ईरज,

काल समितीसमोर तू जे तोंड केलंस, ते मला मरेपर्यंत पुरेल.

तू त्यांना घेऊन आलास तेव्हा किती खुशीत होतास. कुलूप स्वतःच्या हातानं उघडलंस. आत मी बाबांच्या जुन्या खुर्चीवर बसले होते, चहा घेत. तुझ्याबरोबरच्या त्या जाड भिंगाच्या गृहस्थांनी विचारलं, या कोण? तू म्हणालास, "माझी बहीण, जरा बरं नसतं तिला." मी उठून त्यांना नमस्कार केला आणि पहिल्या झाडापाशी नेलं.

अकरा झाडांना फुटवे होते. कोवळे, बोटभर, काहींना तीन पानं, काहींना चार. गृहस्थ कडक होते. एकेक फांदी वाकवून, मोडून बघत होते. तू मागून सांगत होतास की हे खालून फुटलेलं जंगली आहे, याला झाड म्हणत नाहीत. ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, नारिंग कलमाचं नसतं, त्याला खाली-वर नसतं. हे झाड जगलंय." मग मी मातीचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तुझ्याकडे बघितलं. असं कुणी माझ्याकडे बघितलं असतं तर मी शहर सोडलं असतं.

निकाल तुला लेखी मिळेलच. ही बाग आहे, बागच राहील, आणि मालकानं मेलेल्या तेरा झाडांच्या जागी तेरा लावून जगवायची.

ते गेल्यावर तू पाटाच्या कडेला उभा राहिलास. मला वाटलं हात उचलशील. तू हळूच विचारलंस, "ताई, आई तर गेली. आता कुणासाठी करतेयस हे?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

ते तुला कळलं नाही असं दाखवलंस. म्हणून लिहून देते. आई भिंतीकडे तोंड करून गेली. तू मात्र दर वसंतात या बागेकडे तोंड करून बसायचंस. तुझ्या नावावर आहे ना, मग फुलू दे तुझ्या नावावर. लोक तुला विचारतील, ईरज साहेब, यंदा बहर कसा? आणि तुला सांगावं लागेल.

फरंगीस


शिराझ, २० इस्फंद

ईरज,

तू बाग शहराला देऊन टाकलीस आणि बदल्यात गावाबाहेर जमीन घेतलीस, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. सुटलास असं वाटलं तुला. माझंही पहिल्यांदा डोकं फिरलं, कारण मला तू अडकलेला हवा होतास. मग दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसं आली, त्यांनी तुझं कुलूप कापलं, फाटक सताड उघडलं, आणि गल्लीतल्या बायका हातातल्या भाजीच्या पिशव्यांसकट आत येऊन उभ्या राहिल्या. मग माझ्या ध्यानात आलं की यापेक्षा चांगलं मलाही सुचलं नसतं.

फर्वर्दीनच्या शेवटच्या शुक्रवारी बाग सगळ्यांसाठी खुली होतेय. अकराही झाडांवर कळ्या धरल्यात. पहिल्याच वर्षी एवढ्या धरतील असं पुस्तकात लिहिलेलं नाही, पण धरल्यात. नवी तेरा रोपं शाळेतल्या मुलींनी लावली.

सगळ्या नातेवाइकांना मी बोलावलंय. मावशी, अहवाझचे चुलते, तुझ्या सासरचे. जेवण माझ्याकडून. तुझी लेक रोशनक येणार आहे, तिनं स्वतः फोन केला होता. आजीच्या झाडांना फुलं येणार म्हणून रडत होती. पोरगी आजीवर गेलीय, तुझ्यावर नाही.

तूही ये. नाही आलास तरी मी तो मातीचा कागद सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि कागदावर नाही तेही सांगणार आहे. आलास तर निदान तुझ्या मुलीला ते ऐकताना तुझा हात धरता येईल. धरला तर.

फरंगीस


शिराझ, ४ उर्दीबेहेश्त

ईरज,

तू आलास. तू येशील असं मला वाटलं नव्हतं, आणि आलास म्हणून मी आणखी चिडले.

त्या दिवसाचं तुला सांगायला नको, पण मला लिहायचंय. माणसं सकाळपासून येत होती, आम्ही न बोलावलेलीसुद्धा. झाडांखाली चादरी, चादरींवर म्हाताऱ्या, चहाच्या समोवारांची वाफ. लेट्यूसची कोवळी पानं मध-व्हिनेगरच्या सरबतात बुडवून खाणं चाललं होतं. अकराच झाडं, पण वास गल्लीच्या टोकापर्यंत. एक नवरी-नवरा फोटो काढायला आले. बत्तूल खानम खिंडारातून येत-जात होती. समोर उघडं फाटक आहे हे सांगितलं तर म्हणाली, ही वाट माझी आहे. हेरातहून नेअमतचा निरोप आला होता, विहिरीजवळच्या वाकड्या झाडाचा फोटो पाठवा म्हणून. मी पाठवला. मला त्या सगळ्याचा आनंद व्हायला हवा होता. मी मात्र कागद छातीशी धरून तुझी वाट बघत होते.

मी वाचलं. सगळं वाचलं, आणि मीठ, मशहद, लोणच्याच्या बरण्या, सगळं सांगितलं. मावशीचं तोंड पांढरं पडलं. सगळे तुझ्याकडे वळले. तू नाकारशील, मग मी तुला चिरडेन, अशी तयारी होती माझी. प्रत्येक वाक्याला उत्तर पाठ केलं होतं. तू खाली मुळाशी बसलास आणि म्हणालास, "हो. मीच टाकलं. आईला ते बोललो तेव्हा मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. ती तर सगळंच विसरत होती."

"एवढं एकच विसरली नाही," मी म्हटलं.

तू मान हलवलीस. तुझे सासरे चपला शोधायला लागले. मी वर्षभर ज्या क्षणासाठी जगले तो हा, आणि तो पुरता भोगायच्या आत रोशनक माझ्यापाशी आली. तिनं तुझा हात धरला नाही, बघितलंस ना. तिनं माझा धरला आणि विचारलं, "आत्या, आजीला कळलं होतं का? जायच्या आधी, तिनं नाही मारली बाग, हे?"

मी म्हटलं, "नाही गं. तेव्हा मलाच कुठे माहीत होतं."

तू तिथेच होतास. ऐकलंस.

ईरज, मला माहीत होतं.

आईच्या शेवटच्या हिवाळ्यात, पावसानंतर माती वाळली आणि आळ्यांवर पांढरी साय दिसली, तेव्हा मला संशय आला. माती तपासायला दिली. कागद माझ्या हातात ६ इस्फंदला आला. त्याच संध्याकाळी मी नेअमतला गाठलं, आणि त्यानं सांगितलं. आई त्याच महिन्याच्या २५ ला गेली. मधे एकोणीस दिवस होते. एकोणीस दिवस मी तिला सूप भरवलं, केस विंचरले, भिंतीकडे वळवून निजवलं, आणि कागद माझ्या पर्समध्ये होता.

मी तिला सांगितलं नाही, कारण मला नवरोजला, नव्या वर्षाच्या दिवशी सांगायचं होतं. तू येणार होतास, सगळे जेवायला बसणार होते. मला तू ताटावर असताना सांगायचं होतं, आईसमोर, सगळ्यांसमोर. मी वाक्यं जुळवत होते. एका संध्याकाळी ती म्हणाली, "फरंगीस, झाडांना पाणी घातलंस का? माझ्या हातचं नाही म्हणावं त्यांना." तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. पाच दिवसांत नवरोज होतं, पाच दिवस काय मोठेसे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

तू तिला ते ओझं दिलंस. ते काढायची वेळ होती तेव्हा मी काढलं नाही, तुला मारायला हत्यार हवं होतं म्हणून. नेअमतचंही तसंच. त्याचं नाव मी पहिल्याच पत्रात लिहिलं, तुला घाम फुटावा म्हणून. तो बोलला हे तुला माझ्याशिवाय कुणी सांगितलं होतं? फोन तू केलास, पत्ता मी दिला.

म्हणून तुला माफ केलंय असं समजू नकोस. अजिबात केलेलं नाही. तू पुढच्या वसंतात त्या बागेत आलास तर तुला चहा मिळेल, बत्तूल खानम देईल, मी देणार नाही. पण रोशनकशी मी खोटं बोलले, आणि तू तिथे बसून गप्प राहिलास. तुला कळलं असावं, माझ्या आवाजावरून. लहानपणीही तुला कळायचं. तरी गप्प राहिलास. का, ते विचारणार नाही. तेवढा उपकार मला तुझ्याकडून घ्यायचा नाही.

हे पत्र तुझ्या नावाचं आहे, पण पाठवतेय तिच्या पत्त्यावर. लिफाफा चिकटवलेला नाही. ती आधी वाचेल, मग तुला देईल.

फरंगीस